तारीख नंतर कळवू

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर सगळं पेनानं लिहिलेलं असतं. गॅस कधी लावला, दुधाचे खाडे, वीजबिलाची शेवटची तारीख, कुणाचं बारसं, कुणाचं वर्षश्राद्ध. एका चौकोनात मात्र पेन्सिलीनं लिहिलंय, 'श्रीहरिकोटा', आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते आधी वरच्या ओळीत होतं. तिथून एक आठवडा खाली उतरलं, मग पान उलटून पुढच्या महिन्यात गेलं. खोडरबरानं घासून घासून कागद मऊ पडलाय आणि मागच्या बाजूचं राशिभविष्य त्यातून दिसायला लागलंय. मुलं मोठी झाल्यापासून घरात पेन्सिल लागलीच नव्हती. शोधली तेव्हा ती देवघराच्या खणात, वाती आणि कापराच्या डबीशेजारी मिळाली.

माझा भाचा चेन्नईला असतो. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "मावशी, आमच्या गच्चीवरून रॉकेट दिसतं." पुण्यात एखाद्यानं आमच्या गच्चीवरून पर्वती दिसते म्हणावं, तितक्या सहज. मी म्हटलं, "मग मी येते." तो म्हणाला, "ये की. पण गच्चीवरून कशाला, तिथेच जाऊन बघ. आता लोकांना आत बसून बघता येतं." "कधी येऊ?" यावर तो हसला. "तारीख तेवढी मला विचारू नकोस गं. ती त्यांचीही पक्की नसते."

आत बसून बघता येतं हे खरंच होतं. श्रीहरिकोट्याच्या सतीश धवन अवकाश केंद्रात लोकांसाठी प्रेक्षागॅलरी झाली ती २०१९ साली. त्या वर्षीच्या १ एप्रिलला पीएसएलव्ही-सी४५ रॉकेट उडालं तेव्हा साधीसुधी माणसं पहिल्यांदा तिथल्या पायऱ्यांवर बसली. एखाद्या क्रिकेटच्या मैदानात असतात तशा पायऱ्या, सुरुवातीला पाच हजार माणसांची सोय, समोर मोठे पडदे आणि पडद्यांच्या पलीकडे झाडांच्या रेषेवर प्रक्षेपणाचे मनोरे. त्याआधी हौशी लोक तळ्याकाठच्या रस्त्यावर, घरांच्या छपरांवर, मिळेल तिथे उभे राहून बघायचे. आता नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं, आत जायचं. पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न सगळा वेळेचा आहे.

आमच्या घरात प्रवासाचं खातं ह्यांच्याकडे. त्यांनी कागद घेतला आणि तासाभरानं चेहरा टाकून परत आले. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत लगेच भरतंही. इकडे प्रेक्षागॅलरीची नोंदणी उघडते ती उड्डाण अगदी तोंडावर आल्यावर, आणि तीही बघता बघता संपते. म्हणजे तिकीट काढावं तेव्हा रॉकेट ठरलेलं नसतं, आणि रॉकेट ठरतं तेव्हा तिकीट मिळत नाही. ह्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरीत फायली वेळेवर पुढे सरकवल्या आहेत. त्यांना हा प्रकार अपमानासारखा लागला. "एवढे सेकंदाच्या हिशेबाचे लोक," ते म्हणाले, "त्यांना महिना सांगता येत नाही?"

हा प्रश्न मला आवडला आणि पुढे बरेच दिवस भाजी निवडताना, बसची वाट बघताना तो माझ्याबरोबर राहिला. २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखच्या बाजूनं खग्रास सूर्यग्रहणाची सावली जाणार आहे, हे आजच माहीत आहे. मिनिटासकट माहीत आहे. चंद्राला कुणी परवानगी विचारायला जात नाही, त्याचा एखादा व्हॉल्व्ह गळत नाही, त्याला वादळाचं भय नाही. म्हणून पंचांगवाले निर्धास्त असतात. माणसानं जोडून जोडून बनवलेल्या वस्तूचं तसं नाही. हजारो सुटे भाग, त्यांच्या नळ्या, तारा, जोड, त्यांना बसवणारे हात, त्या दिवशीचा वारा. आकाशातलं सगळं आपापल्या वेळेवर चालतं, आणि जमिनीवरून तिकडे जायला निघालेलं तेवढं 'तारीख नंतर कळवू' म्हणतं. ह्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण मी तिकीट कुठल्या तारखेचं काढू?"

तिकीट निघेल तेव्हा निघेल, वाट मात्र मला पाठ झालीय. पुण्याहून दौंड, भिगवण, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा, मग चेन्नई. तिथून उलट उत्तरेकडे गुडूरच्या मार्गावर लोकल गाडीनं सुल्लूरपेट. ते आंध्रात येतं. तिथून पूर्वेला साधारण अठरा किलोमीटरचा रस्ता, आणि त्याचा बराचसा भाग पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना पाणी, उथळ, मचूळ. चिलिकेनंतर आपल्याकडचं सगळ्यात मोठं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर ते हेच. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात, हजारोंनी. गंमत अशी की भिगवणलाही ते येतात, उजनीच्या फुगवट्यावर. म्हणजे एकाच गाडीच्या प्रवासात एका टोकाला रोहित आणि दुसऱ्या टोकाला रोहित, मधे सगळं रायलसीमेचं उन्हातलं दगडधोंड्याचं रान. माझ्या मनात तर रॉकेटच्या आधी हे पक्षीच जाऊन बसलेत. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि रस्त्याच्या दुतर्फा मिठाळ चिखल उरतो असं भाचा म्हणतो, म्हणून मी ह्यांना म्हटलं, जायचं तर थंडीत. "म्हणजे आता पक्ष्यांचीही तारीख धरायची," ते म्हणाले.

त्या रस्त्याच्या पलीकडे श्रीहरिकोटा हे बेट. एका अंगाला पुलिकत, दुसऱ्या अंगाला बंगालचा उपसागर. १९६९ साली ही जागा निवडली. कारणं सरळ आहेत. पूर्वेला मैलोन्‌मैल समुद्र, काही पडलं-झडलं तर पाण्यात पडावं. आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या फिरण्याचा रेटा फुकट मिळतो. विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितका जास्त. श्रीहरिकोट्याला तो सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास भरतो. आपण स्वयंपाकघरात भाकरी थापत उभे असतो तेव्हाही साधारण त्याच वेगानं पूर्वेला चाललेले असतो, पण त्याचा आपल्याला काही उपयोग होत नाही, त्यांना होतो.

बेटावर आधीपासून यानादी लोक राहत. जंगल, खाडीतले मासे, मध, कंदमुळं यांवर त्यांचं चाले. केंद्र आलं तेव्हा त्यांचं जुनं जगणं तसंच राहणं शक्य नव्हतं. कुठल्याही मोठ्या कामाच्या पायाशी कुणाचं तरी अंगण असतं. आम्ही कोयना-उजनीच्या राज्यातली माणसं, आम्हाला ते वेगळं सांगायला नको. उजनीच्या पाण्यावर रोहित बघताना खाली कुणाची पांढरी आहे हे आपण विचारत नाही, तसं तिथेही कुणी विचारणार नाही. मी विचारेन की नाही, कोण जाणे. गॅलरीत बसल्यावर माणूस वरच बघतो.

वर बघायला किती मिळतं, हाही एक विचार करण्यासारखा भाग आहे. पीएसएलव्ही चव्वेचाळीस मीटर उंच, म्हणजे चौदा-पंधरा मजल्यांची इमारत. ती पेटते, उठते, आणि थोड्याच वेळात धुराच्या रेघेच्या टोकाला एक ठिपका होऊन जाते. ढग असले तर त्याच्याही आधी संपलं. एवढ्यासाठी इतक्या लांबची गाडी, चेन्नईत मुक्काम, पहाटेची लोकल, उन्हात काही तास बसणं. ह्यांनी हेही कागदावर मांडून दाखवलं. त्यापेक्षा घरी टीव्हीवर बघावं, तिथे निदान पंखा आहे.

पण टीव्हीवर आवाज आणि चित्र एकदम येतं. तिथे तसं नसतं, म्हणतात. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात, आणि प्रेक्षक मनोऱ्यापासून काही किलोमीटरवर असतात. म्हणजे आग दिसते, धूर फुलतो, ते अजस्र धूड जमिनीवरून सुटतं, आणि तरी काही ऐकू येत नाही. मग तो आवाज येतो तो आधी छातीत येतो आणि मग कानात, असं भाच्याचं म्हणणं. मला ते मधले काही सेकंद हवे आहेत. ते मागून घेण्यासारखे वाटतात. विजेनंतर गडगडाट येईपर्यंत लहानपणी आम्ही आकडे मोजायचो, दोन्ही हात कानांवर ठेवून.

ह्यांच्या प्रश्नाकडे परत येते. महिना का सांगता येत नाही? मला तर वाटायला लागलंय की थांबता येणं हाच त्यांच्या कामाचा अवघड भाग असावा. १५ जुलै २०१९ ला चांद्रयान-२ पहाटे दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी उडायचं होतं. राष्ट्रपती आलेले, गॅलरी भरलेली, देश जागा. उड्डाणाला छप्पन्न मिनिटं चोवीस सेकंद उरले असताना मोजणी थांबली. तांत्रिक बिघाड, आज नाही. अपरात्री हजारो माणसं उठून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, काळोखातून परत निघाली. सात दिवसांनी, २२ जुलैला भर दुपारी, ते गेलं. मला त्या रात्रीच्या माणसाचं फार वाटतं, ज्यानं कुठल्या तरी टेबलाशी बसून 'थांबवा' म्हटलं असेल. राष्ट्रपती बाहेर बसलेले आहेत आणि आपण म्हणायचं, थांबवा. आमच्याकडे मांडव पडलेला असताना, वाजंत्री आलेली असताना, मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असतानाही कुणाच्या तोंडून तो शब्द निघत नाही.

तसे प्रसंग तिथे पुष्कळ. ऑगस्ट २०१३ मध्ये जीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं, उड्डाण रद्द. ते गेलं थेट जानेवारी २०१४ मध्ये. गगनयानाची चाचणी होती २१ ऑक्टोबर २०२३ ला, तिथे तर पाच सेकंद उरलेले असताना संगणकानं हात वर केले. दोष सापडला, निस्तरला, आणि त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण झालं. पण माझ्या सगळ्यात लक्षात राहिलीय ती २८ मार्च २००१ ची गोष्ट. पहिलं जीएसएलव्ही. त्याच्या मधल्या खांबात घन इंधन आणि भोवती चार बाजूंना द्रव इंधनाची इंजिनं. ही बाजूची चार आधी पेटतात, चार-पाच सेकंद त्यांची तब्येत पाहिली जाते, आणि सगळं ठीक असेल तरच मधला खांब पेटतो. कारण द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं. घन इंधन एकदा पेटलं की पेटलं. ते संपेपर्यंत जळणार, कुणाच्या बापाला विझवता येत नाही. त्या दिवशी चारपैकी एका इंजिनानं पुरता जोर धरला नाही. संगणकानं चारही विझवली. ज्वाळा निघालेलं रॉकेट जागच्या जागी उभं राहिलं, आणि १८ एप्रिलला तेच उडालं.

घन इंधनावरून गोवारीकरांची आठवण निघतेच. वसंत गोवारीकर म्हटलं की आपल्याकडे लोकांना मान्सूनचा अंदाज आठवतो, पुणे विद्यापीठ आठवतं. पण त्याआधीची त्यांची कितीतरी वर्षं केरळात थुंब्याला या घन इंधनाच्या रसायनात गेली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात जवळजवळ एकशे अडतीस टन असं इंधन असतं, रबरासारखं घट्ट, आतून पोकळ. पुण्याच्या पेठांतल्या आमच्यासारख्यांच्या रॉकेटाशी असलेल्या नात्याचा एवढा एक धागा मी धरून ठेवलाय. ह्यांना तो पटतो. गोवारीकर पुण्याचे, म्हणजे रॉकेटही निम्मं पुण्याचं, असा त्यांचा हिशेब.

माझ्या नणंदेला आम्ही बेतात धरलं आणि बेताला वेगळीच दिशा लागली. वन्सं पंचांग पाहिल्याशिवाय केस धूत नाहीत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, ते लोक मुहूर्त बघतात का हो?" मी म्हटलं, बघतात, पण त्यांच्या पद्धतीनं. चांद्रयान-३ चं उड्डाण १४ जुलै २०२३ ला ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा झालं. वर अवकाशात जुन्या उपग्रहांचा, फुटक्या तुकड्यांचा इतका कचरा फिरतोय की त्यातला एखादा वाटेत यायचा धोका होता, तो पुढे निघून जाऊ द्यायला चार सेकंद थांबले. त्याच महिन्यात पीएसएलव्ही-सी५६ मिनिटभर उशिरा सोडलं, कारण तेच. वन्संना हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "म्हणजे राहुकाळच की," त्या म्हणाल्या, "टाळायचाच तो." आणि सुल्लूरपेटला चेंगाळम्मा देवीचं देऊळ आहे, उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्ष तिथे जातात, तिरुपतीला रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन जातात, हे सांगितल्यावर तर त्यांनी बॅगच काढली. या जाण्यावरून दरवेळी वर्तमानपत्रांत टीका होते. मला त्यात पडावंसं वाटत नाही. सगळं तपासून झालं, आता हातात काही नाही, अशा वेळी माणसानं कुठे जाऊन उभं राहावं हे दुसऱ्यानं कशाला सांगावं? तपासायचं सोडून गेला असता तर गोष्ट वेगळी.

आणि सगळं तपासूनही होतं ते होतंच. १८ मे २०२५ ची सकाळ, सहाला एक मिनिट कमी. पीएसएलव्ही-सी६१. जानेवारीतच श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालेलं, हे एकशे एकावं. उठलं ते देखणं उठलं. टाळ्या झाल्या. मग तिसऱ्या टप्प्यात दाब घटला आणि मोहीम हातची गेली. मी ते घरी टीव्हीवर पाहिलं, चहा घेता घेता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते. डोळ्यांना दिसला तो भाग निर्दोष होता. जे बिघडलं ते कुणालाच दिसत नव्हतं, ते पडद्यावरच्या एका रेघेच्या वाकण्यात होतं. गॅलरीतून बघणाऱ्याला उड्डाणाची सुरुवात मिळते, पुढचं सगळं त्यानं कुणाच्या तरी आवाजावरून ताडायचं. लेकाला विमानतळावर सोडून आल्यावर आम्हीही असेच फोनमधल्या नकाशावरचं छोटं विमान बघत बसलो होतो, इराणवरून काळ्या समुद्राकडे सरकणारं.

भाच्यानं मधे दुसरा पर्याय सुचवला. उड्डाण नसेल तेव्हाही तिथलं संग्रहालय पाहायची सोय असते, आधी परवानगी काढून. रॉकेटांच्या प्रतिकृती बागेत उभ्या केल्या आहेत, त्यांच्या पायाशी उभं राहून फोटो काढता येतात. तारीख आपली, गर्दी नाही, तिकीट दोन महिने आधी. ह्यांना हे एकदम पसंत पडलं. कागदावर सगळं बसलं, अगदी परतीच्या इडलीपर्यंत. मी हो म्हटलं आणि दोन दिवस मला काही गोड लागेना. समोर मनोरा असेल आणि त्यावर काही नसेल. तसं ते पाहण्यासारखं असेलही. पण ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी, ठरलेलं बघून परत येणं हे मी आयुष्यभर केलंय. एलटीसीवर केलंय, सहलीच्या बसमधून केलंय, गाईडच्या शिट्टीवर केलंय. एकदा तरी अशा ठिकाणी जाऊन बसावंसं वाटतं, जिथे समोरच्याला मोकळेपणानं 'आज नाही' म्हणता येतं आणि आपल्याला मुकाट्यानं उठता येतं. नाही उडालं तर पुलिकत आहे, देवी आहे, भाच्याकडे चार दिवस आहेत.

हे मी मांडलं तेव्हा ह्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं लिहायला घेतलं. आता चेन्नईचं तिकीट थंडीतलं, आठ-दहा दिवसांचा ऐसपैस मुक्काम, आणि त्या दिवसांत काही उडालं तर आपलं नशीब. भाच्यानं कळवलंय की एक मोहीम त्या सुमाराला आहे असं ऐकतोय, पण धरून चालू नका. वन्संना एवढं पुरेसं झालं. काल रात्री त्यांचा फोन आला. ऐकीव तारखेला एकादशी येते. त्या म्हणाल्या, "वहिनी, साबुदाण्याचे वडे मी करून घेते, ते दोन दिवस टिकतात. पण त्यांनी पुढे ढकललं तर द्वादशीला पारणं कुठे सोडायचं, तेवढं भाच्याला विचारून ठेवा. आणि आत डबा नेऊ देतात का?"